पोस्टॉयना गुहा

स्लोव्हेनियातील लवणस्तंभांसाठी जगप्रसिद्ध असलेली चुनखडकातील गुहा. देशाच्या नैर्ऋत्य भागात, ल्युब्ल्याना या राजधानीपासून सु. ५० किमी. अंतरावर, पोस्टॉयना शहरालगत ती आहे. जर्मन भाषेत आडेल्सबेर्क व इटालियन भाषेत पोस्टूमिया या नावांनीही ती ओळखली जात असे. एकमेकींस जोडलेल्या तिच्या भुयारांची एकूण लांबी २४ किमी.हून अधिक असून त्यांपैकी सु. ५ किमी. लांबीचा मार्ग प्रेक्षकांसाठी खुला आहे. १८१९ पासून ही गुहा मार्गदर्शकासह दाखविली जात असून आजवर सु. ४ कोटी लोकांनी ती पाहिली आहे. हजारो वर्षांत घडणारी आणि क्षणात मोडणारी निसर्गकृती लोकांना कशी दाखवावी व दाखवीत असताना ती कशी राखावी, या प्रश्नाचा दोन शतकांचा अनुभव येथे साठलेला आहे. त्यामुळे भूविज्ञानाइतकेच गुहासंरक्षणाच्या दृष्टीनेही या गुहेला महत्त्व आहे.

स्थान व जलप्रवाह : स्लोव्हेनियाच्या या भागात चुनखडकाचे विस्तीर्ण प्रदेश असून तेथे पाणी पृष्ठभागावर टिकत नाही, ते भेगांतून खाली जाते आणि नद्या मध्येच जमिनीत गडप होतात. अशा भूप्रदेशास जगभर लावली जाणारी ‘कार्स्ट’ ही संज्ञा येथून जवळच असलेल्या क्रास पठाराच्या नावाच्या जर्मन रूपावरून आली आहे. पोस्टॉयना गुहेचा खडक उत्तर क्रिटेशस काळातील (सु. १० ते ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा) आहे. पिव्का नदी गुहेच्या प्रवेशद्वाराजवळ जमिनीखाली शिरते, भुयारांतून वाहत प्लानिना गुहेत राक नदीस मिळते आणि नंतर उनित्सा या नावाने पुन्हा उजेडात येते. तिचे पाणी पुढे ल्युब्ल्यानित्सा व साव्हा या नद्यांवाटे डॅन्यूबला व अखेर काळ्या समुद्रास मिळते. प्रेक्षक पाहतात ती कोरडी दालने हे या नदीचेच जुने पात्र होय. नदीने खडकात अधिकाधिक खोल मार्ग शोधल्यावर वरची भुयारे रिकामी राहिली व त्यांत लवणस्तंभांच्या निर्मितीस अवकाश मिळाला.

लवणस्तंभांची निर्मिती : गुहा कोरली जाणे आणि ती लवणस्तंभांनी सजणे या परस्परविरुद्ध क्रिया असल्या, तरी त्यांच्या मुळाशी एकच रासायनिक विक्रिया आहे. पावसाचे पाणी जमिनीत झिरपताना मृदेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून घेते. वनस्पतींच्या मुळांचे श्वसन आणि सूक्ष्मजीवांकडून होणारे पालापाचोळ्याचे अपघटन यांमुळे मृदेतील हवेत या वायूचे प्रमाण बाहेरील हवेच्या अनेक पट असते. वायू विरघळल्याने तयार झालेल्या सौम्य कार्बॉनिक अम्लाची चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेटावर विक्रिया होऊन कॅल्शियम बायकार्बोनेट हे विद्राव्य संयुग बनते व ते पाण्याबरोबर वाहून जाते. भेगा रुंदावत जाऊन कालांतराने भुयारे निर्माण होतात.

हेच पाणी गुहेच्या छतातून थेंबाथेंबाने बाहेर पडते, तेव्हा त्याचा गुहेतील हवेशी संबंध येतो. या हवेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण मृदेतील हवेपेक्षा पुष्कळच कमी असल्याने थेंबातील वायू निसटतो, विक्रिया उलट दिशेने होते आणि कॅल्शियम कार्बोनेट कॅल्साइट या स्फटिकरूपात साचते. गुहेतील हवा बहुधा बाष्पसंपृक्त असते, म्हणून बाष्पीभवनाचा यातील वाटा अल्प असतो. लवणस्तंभ या शब्दातील ‘लवण’ रसायनशास्त्रीय अर्थाने घ्यावयाचे आहे. या स्तंभांत खाण्याचे मीठ नसते.

छताला लोंबणाऱ्या थेंबाच्या कडेला प्रथम कॅल्साइटाचे सूक्ष्म कडे तयार होते. कड्याखाली कडे साचून सु. ५ मिमी. व्यासाची पोकळ, काचेसारखी नाजूक नळी खाली वाढत जाते. नळीचे तोंड बुजले की पाणी बाहेरून ओघळू लागते, नळी जाड होते व तिला उलट्या गाजरासारखा आकार येतो. हा अधोमुखी लवणस्तंभ होय. खाली पडलेल्या थेंबातील उरलेले कॅल्साइट जमिनीवर साचून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभा राहतो. थेंब आदळून फुटत असल्याने त्याचा माथा बोथट असतो आणि त्यात मध्यवर्ती पोकळी नसते. दोन्ही एकमेकांस मिळाले म्हणजे अखंड गुहास्तंभ तयार होतो. उतरत्या छतावरून पाणी एकाच रेषेत ओघळत राहिल्यास पातळ, चुण्या पडलेले पडदे निर्माण होतात. दिवा मागे धरला असता त्यांतील रंगीत पट्टे स्पष्ट दिसतात. शुद्ध कॅल्साइट पांढरे असते, तर लोहाच्या ऑक्साइडांमुळे त्याला पिवळा, तांबूस किंवा तपकिरी रंग येतो.

वाढीचा वेग पाण्याचे प्रमाण, त्यातील विद्राव्य द्रव्य, तापमान व हवेतील वायू यांवर अवलंबून असतो. तो गुहेगणिकच नव्हे, तर एकाच दालनातील दोन स्तंभांतही वेगळा असतो. सर्वसाधारणपणे वर्षाला ०·१ मिमी. हे मान धरल्यास १० सेंमी. वाढीला एक हजार वर्षे लागतात. या हिशेबाने, गुहा लोकांस खुली झाल्यापासूनच्या दोनशेहून अधिक वर्षांत तेथील एखादा स्तंभ जेमतेम २ सेंमी. वाढला असेल. गुहादर्शनाचे सर्व नियम समजून घेताना हे प्रमाण ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शोध व इतिहास : गुहेचा प्रवेशद्वाराजवळील भाग फार पूर्वीपासून माहीत होता. ‘जुन्या नावांचे भुयार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील भिंतीवर तेराव्या शतकापासूनच्या अभ्यागतांच्या स्वाक्षऱ्या आढळतात. यानेझ व्हाय्‌कार्ट व्हाल्व्हाझोर या विद्वानाने १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रान्स्का प्रांताच्या वर्णनपर ग्रंथात या गुहेची माहिती दिली आहे. १८१८ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्सिस याच्या भेटीची तयारी चालू असताना लूका चेच या स्थानिक दिवेलावणाऱ्याला नदीच्या पलीकडील भिंतीवर चढून गेल्यावर आतील प्रचंड दालनांचा मार्ग सापडला. पुढील वर्षीच गुहा प्रेक्षकांसाठी खुली करण्यात आली. लवकरच व्यवस्थेसाठी समिती, नेमलेले मार्गदर्शक व ठरावीक प्रवेशशुल्क अशी घडी बसली. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्सिस जोसेफ व सम्राज्ञी एलिझाबेथ यांनी गुहेला भेट दिली.

१८७२ मध्ये गुहेत रूळ टाकण्यात आले. आरंभी प्रेक्षकांच्या लहान गाड्या मार्गदर्शकच ढकलीत नेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंधनावर चालणारे एंजिन आले. परंतु बंदिस्त जागेतील धुरामुळे ते गैरसोयीचे होते, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर विजेवर चालणारी एंजिने वापरात आली. मशाली, मेणबत्त्या व तेलाचे दिवे यांची काजळी लवणस्तंभांवर बसत असे; १८८४ मध्ये विजेचे दिवे बसविल्यावर ही हानी थांबली. मात्र विजेच्या दिव्यांबरोबर आलेली नवी हानी ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला.

या प्रदेशावरील सत्ता अनेकदा पालटली. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रियाच्या, त्यानंतर इटलीच्या व दुसऱ्या महायुद्धानंतर यूगोस्लाव्हियाच्या अखत्यारीत होता. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. या घडामोडींच्या खुणा गुहेतही आहेत. आतील एका खोल दरीवरील ‘रशियन पूल’ पहिल्या महायुद्धातील रशियन युद्धकैद्यांनी बांधला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने प्रवेशद्वाराजवळील भुयारात इंधनाचा साठा केला होता. १९४४ मध्ये प्रतिकारक सैनिकांनी तो पेटवून दिला. त्या आगीच्या काजळीने काळवंडलेल्या भिंती प्रवेश करताच आजही दिसतात. अवघ्या काही दिवसांच्या आगीची खूण आठ दशकांनंतरही पुसली गेलेली नाही.

गुहादर्शन : संपूर्ण फेरीस सु. दीड तास लागतो. गुहेतील तापमान वर्षभर सु. १०° से. असल्याने भर उन्हाळ्यातही प्रेक्षकांना उबदार कपडे घ्यावे लागतात. प्रवेशद्वारापाशी प्रेक्षक उघड्या डब्यांच्या छोट्या गाडीत बसतात. ती सु. २ किमी. आत जाते, वाटेत छत इतके खाली येते की उभे राहण्यास सक्त मनाई असते. पुढील सु. १·५ किमी. अंतर पायी जावयाचे असते. प्रेक्षकांचे भाषेनुसार गट पाडून प्रत्येक गटाबरोबर मार्गदर्शक देण्याची पद्धत आहे.

पायवाट प्रथम ‘मोठा डोंगर’ या नावाच्या उंचवट्यावर चढते. छताचा भाग कोसळून पडलेल्या शिळांचा हा ढिगारा असून त्याच्यावर पुढे असंख्य ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वाढले आहेत. रशियन पूल ओलांडल्यावर छतापासून लोंबणाऱ्या बारीक नळ्यांचे दालन लागते; शेवयांसारख्या दिसणाऱ्या या नळ्यांवरून त्याला नाव पडले आहे. त्यानंतर पांढरे व तांबडे दालन येते. ‘ब्रिल्यांट’ हा सु. ५ मी. उंचीचा शुभ्र, चकाकणारा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ या गुहेचे बोधचिन्ह मानला जातो. त्याच्यावर सतत पाणी ओघळत असते व चकाकी मुख्यतः त्या ओलाव्यामुळे येते. अखेरीस सु. १०,००० लोक मावतील एवढे विस्तीर्ण संगीतगृह लागते. तेथे प्रसंगोपात्त संगीताचे कार्यक्रम होत असतात. तेथून गाडीने परतीचा प्रवास सुरू होतो.

अशा गुहांतून मार्गदर्शकाचे काम केवळ माहिती सांगण्याचे नसते. लवणस्तंभांना स्पर्श करू नये, पायवाट सोडू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत व छायाचित्र घेताना झगझगीत प्रकाश पाडू नये, या सूचनांमागे निश्चित कारणे आहेत. त्वचेवरील तेलकट अंश स्तंभाला लागला की त्या जागी पाण्याचा पातळ थर नीट पसरत नाही, कॅल्साइटाचे साचणे खंडित होते आणि मळाने डाग पडतो. अन्नाचे कण पडल्यास बाहेरील बुरशी व जंतू वाढतात. पायवाटेबाहेरील मातीत गुहेच्या जुन्या पुराचे थर व प्राण्यांचे अवशेष असतात. ते एकदा तुडविले गेले की त्यांतील माहिती नष्ट होते. अनेक गुहांत मार्गदर्शक काही क्षण सर्व दिवे मालवतो. एरवी रात्रीच्या काळोखात डोळे हळूहळू सरावतात. गुहेत प्रकाशाचा लवलेशही नसल्याने कितीही वेळ थांबले तरी काहीच दिसत नाही. गुहेची स्वाभाविक अवस्था कोणती, हे त्या क्षणी प्रेक्षकाला उमगते.

जीवसृष्टी : या काळोखातही प्राणी जगतात. १८३१ मध्ये लूका चेच यालाच येथे एक लांब पायांचा, अरुंद मानेचा नेत्रहीन भुंगेरा सापडला. फेर्डिनांट श्मिट याने १८३२ मध्ये लेप्टोडायरस होहेनवार्टाय या नावाने त्याचे वर्णन केले. गुहेतील जीवनाला अनुकूल बनलेल्या कीटकाचे हे पहिले शास्त्रीय वर्णन मानले जाते व गुहाजीवविज्ञानाचा आरंभ त्यापासून धरला जातो. याहून प्रसिद्ध प्राणी म्हणजे प्रोटियस अँग्विनस हा उभयचर होय. फिकट गुलाबी कातडीमुळे स्थानिक लोक त्याला ‘मानवमासा’ म्हणतात. तो सु. २५ ते ३० सेंमी. लांब असून त्याचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात. बाह्य कल्ले आयुष्यभर टिकतात. अन्नाविना तो कित्येक वर्षे जगू शकतो. पुरात वाहून बाहेर आलेल्या या प्राण्यांना पूर्वी लोक ड्रॅगनची पिले समजत. १७६८ मध्ये लाउरेन्टी याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि चार्ल्स डार्विन याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला. २०१६ मध्ये येथील जलपात्रात प्रोटियसाने अंडी घातली व त्यांतून पिले बाहेर आली. त्या काळात जलपात्र प्रकाशापासून व प्रेक्षकांपासून दूर ठेवून अवरक्त कॅमेऱ्याने निरीक्षण करण्यात आले.

दर्शनाचे परिणाम : प्रेक्षकाने कशालाही हात लावला नाही, तरी त्याच्या उपस्थितीचा गुहेवर परिणाम होतो. बाहेरील हवेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण सु. ०·०४ टक्के असते, तर उच्छ्वासात ते सु. ४ टक्के असते. गुहेतील हवेत हा वायू वाढला की थेंबातील वायू निसटण्याची क्रिया मंदावते व लवणस्तंभांची वाढ कमी होते. मानवी शरीर विश्रांतीच्या अवस्थेतही सु. १०० वॉट उष्णता बाहेर टाकते. उष्ण, दमट हवा थंड भिंतीला लागून तेथे पाणी सुटते. त्या पाण्यात वायू विरघळल्यास ते अम्लधर्मी होऊन साचलेले कॅल्साइट झिजवूही शकते. कपड्यांतून गळणारे तंतू व केस पायवाटेच्या कडेला साचतात. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्झबॅड गुहांत ते वेचण्यासाठी स्वयंसेवकांची पथके काम करतात.

सर्वांत चिवट उपद्रव दिव्यांमुळे होतो. दिव्यांभोवतीच्या ओल्या खडकावर शैवले, शेवाळी व नेचे वाढू लागतात. त्यांचे बीजुक हवा, पाणी व माणसे यांच्याबरोबर आत येतात आणि प्रकाश मिळताच रुजतात. त्यांच्या वाढीमुळे स्तंभ हिरवे पडतात, तर त्यांनी स्रवलेल्या अम्लांमुळे पृष्ठभाग खरबरीत होतो. कधी त्यांच्यावरच कॅल्साइट साचून हिरवा थर कायमचा आत अडकतो. विरंजक द्रव्यांच्या फवाऱ्याने ही वाढ नष्ट होते. परंतु त्यातील क्लोरीन गुहेतील प्राण्यांना घातक ठरते. हायड्रोजन पेरॉक्साइड तुलनेने सौम्य असले, तरी योग्य संस्करणाविना वापरल्यास ते कॅल्साइटाला बाधक होऊ शकते. म्हणून उपचारापेक्षा प्रतिबंधावर भर दिला जातो : कमी उष्णतेचे व नियंत्रित तरंगलांबीचे दिवे वापरणे, दिवे स्तंभांपासून दूर ठेवणे आणि गट पुढे जाताच ते बंद करणे.

संरक्षण व संशोधन : पोस्टॉयना येथे १९४७ मध्ये स्थापन झालेली कार्स्ट संशोधन संस्था असून या व इतर गुहांतील तापमान, वायू, पाणी व जीवजाती यांचे दीर्घकालीन मापन तिच्यामार्फत होते. प्रेक्षकांची संख्या व गुहेचे हवामान यांचा संबंध अशा मापनांतूनच कळतो. गुहा मोठी असेल व तिच्यात हवा नैसर्गिक रीत्या खेळत असेल, तर ती बराच भार सोसू शकते. लहान व बंदिस्त गुहा सोसू शकत नाही. फ्रान्समधील लास्को गुहेतील प्रागैतिहासिक चित्रे प्रेक्षकांच्या उच्छ्वासामुळे व दिव्यांमुळे धोक्यात आली, तेव्हा १९६३ मध्ये ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. उलट, ॲरिझोनातील कार्टश्नर गुहा १९७४ मध्ये सापडल्यावर शोधकांनी ती १९८८ पर्यंत गुप्त ठेवली. पुरेसा अभ्यास झाल्यावर, आतील ओलावा बाहेर जाऊ नये म्हणून एकामागून एक बंद होणारी दारे बसवून १९९९ मध्ये ती खुली करण्यात आली. वटवाघळांच्या वास्तव्याच्या काळात तिचे मोठे दालन प्रेक्षकांना बंद असते. पोस्टॉयना येथे शिकलेले धडे कार्टश्नर येथे पहिला प्रेक्षक येण्यापूर्वीच अमलात आणता आले.

भारतातील गुहा : महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा असल्याने लवणस्तंभांच्या मोठ्या गुहा येथे आढळत नाहीत. अजिंठा, वेरूळ, कार्ले इ. ठिकाणची लेणी मानवाने खडकात कोरलेली असून त्यांचा या प्रकाराशी संबंध नाही. लवणस्तंभयुक्त गुहा आंध्र प्रदेशात बोरा व बेलम येथे, छत्तीसगढच्या बस्तर भागात कुटुमसर येथे आणि मेघालयात मॉस्माई व इतर अनेक ठिकाणी आहेत. कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानातील कुटुमसर गुहेत फिकट रंगाचे व ऱ्हास पावलेल्या डोळ्यांचे लहान मासे आढळतात. ज्या जातीत त्यांचा समावेश केला जात असे, त्या जातीचे वर्णन फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या परिसरातील, उजेडात राहणाऱ्या माशांवरून केले होते. पावसाळ्यात पाणी शिरत असल्याने ही गुहा त्या काळात बंद असते.

भारतातील काही गुहांत विजेचे दिवे व पक्क्या पायवाटा होऊन प्रेक्षकांचा ओघ वाढला आहे. काही ठिकाणी स्तंभांची टोके मोडलेली, तर काही ठिकाणी भिंतींवर नावे कोरलेली दिसतात. पोस्टॉयना येथील तेराव्या शतकातील स्वाक्षऱ्या आज ऐतिहासिक पुरावा म्हणून वाचल्या जातात. पण त्या अजून स्पष्ट वाचता येतात, यावरूनच गुहेत घाव किती सावकाश भरून येतात ते कळते. मोडलेल्या टोकावर थेंब पडत राहिल्यास स्तंभ पुन्हा वाढू लागतो, मात्र बोटभर वाढीसाठी कित्येक शतके जावी लागतात. म्हणून प्रेक्षकांना प्रवेश देण्यापूर्वी गुहेचे हवामान व जीवसृष्टी यांची नोंद करणे, एका वेळच्या प्रेक्षकांची संख्या ठरविणे आणि प्रशिक्षित मार्गदर्शक नेमणे, हे गुहादर्शनाच्या व्यवस्थेचे पहिले टप्पे मानले जातात.